खुणेचा दगड

पितळी खिळ्याच्या डोक्यावर कोरलेली फुली वीस अंशांनी फिरली होती.

खिळ्याचं डोकं जेमतेम चौदा मिलिमीटर रुंद. खिळा दगडात घट्ट बसवलेला आणि दगड जमिनीत. एकवीस वर्षांपूर्वी फुली कोरताना तिची एक रेघ घरांच्या मागच्या पाण्याच्या टाकीकडे धरली होती, दुसरी किनाऱ्याला समांतर. आज टाकीकडची रेघ शिवणवाल्या मावशींच्या नव्या खिडकीकडे बघत होती. तिने खिशातून होकायंत्र काढलं, रेघेशी जुळवलं आणि वाकून वाचलं. वीस अंश. फार तर एखादा अंश इकडेतिकडे.

दगडातला खिळा आपोआप फिरत नाही. फिरतो तो दगडासकट. आणि लाटेच्या तोंडाशी असलेले सोडले, तर आपण होऊन फिरणारे दगड तिने या नोकरीत पाहिले नव्हते.

"मॅडम, काठी धरू का, का घरी जाऊन झोपू?" बांधाच्या माथ्यावरून काठीवाले काका ओरडले.

"धरा!" ती म्हणाली आणि फितीची कडी खिळ्याला अडकवली.

दर महिन्याला मोठ्या ओहोटीच्या दिवशी हेच काम असायचं. किनारा कार्यालयाची ही मोजणी तीच करायची. त्यामुळे गल्लीत तिला सगळे 'मोजणी' म्हणायचे, तोंडावर आणि पाठीमागेही. काम सांगायला सोपं. समुद्र आणि गल्ली यांच्या मधोमध लाटांनीच रचलेला गोट्यांचा एक लांबलचक बांध होता, दोन पुरुष उंच. खुणेच्या या दगडापासून बांधाच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. अंतर बारा मीटरच्या वर असेल तर गल्ली सुरक्षित. बाराच्या खाली गेलं, की नऊही घरांना जागा सोडण्याची नोटीस. त्या नऊ घरांतलं पहिलं घर तिच्या बाबांचं होतं. खुणेचा दगड त्यांच्याच फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत होता आणि तो बसवलाही त्यांनीच होता, कारण गावात तेव्हा त्यांच्याहून चांगला गवंडी नव्हता.

"बारा एकतीस!" काकांनी आकडा सांगितला.

मागच्या महिन्यात बारा तेहतीस होतं. त्याआधी बारा चौतीस. तीन वर्षांपूर्वी बारा चाळीस. बांध जणू दमून बसला होता. कार्यालयात साहेब तिच्या तक्त्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायचे, "हा बघा आमचा शहाणा किनारा."

तिने वहीत बारा एकतीस लिहिलं नाही. ती उकिडवी बसून दगडाच्या कडेचा चुना बघत राहिली. सांधा भरल्यावर कुणीतरी तो अंगठ्याने ओढून गुळगुळीत केला होता आणि त्या खाचेला एका बाजूला तिरका उतार आला होता. असा उतार फक्त एकाच अंगठ्याचा उमटतो. चाळीस वर्षांपूर्वी एक कोनशिला त्या अंगठ्यावर पडली होती. तेव्हापासून तो वाकडा होता. लहानपणी त्याच अंगठ्याला धरून ती या बांधावर चढायची.

तेव्हा बाबांनी तिला एक खेळ शिकवला होता. डोळे मिटून गोटा उचलायचा आणि बांधाच्या कुठल्या भागातला ते सांगायचं. चपटा असेल तर वरचा, गोल असेल तर खालचा. "चपटा बसतो, गोल पळतो," बाबा म्हणायचे. लाट दोघांनाही वर फेकते. चपटा तिथंच अंग टाकतो आणि गोल गडगडत परत पाण्यात जातो. पुढे ती विज्ञान शिकायला शहरात गेली, चाळण्या आणि कोनमापकं घेऊन परत आली आणि तिच्या लक्षात आलं, की बाबांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. फक्त ते त्यांच्या पुस्तकात नव्हतं, हातात होतं.

बाकीचं ती पुस्तकातून शिकली होती. वाळूत पाणी सावकाश मुरतं, म्हणून परतणारी लाट वाळूला ओढत खाली नेते आणि वाळूचा किनारा पसरट होतो. गोट्यांचं तसं नाही. लाट जोरात चढते, गोटे वर नेते, आणि परतताना तिचं पाणी फटींतून खाली गळून जातं. वर न्यायला बळ असतं, खाली आणायला उरत नाही. म्हणून गोटे चढतात आणि चढूनच राहतात. बांध उभा होतो. आणि मोठं वादळ आलं, की लाट माथा ओलांडून पुढचे गोटे उचलते व मागच्या अंगाला टाकते. बांध मोडत नाही. त्याची उंची तीच, उतार तोच. फक्त तो होता तिथं नसतो; एक पाऊल गल्लीकडे आलेला असतो. पूर्वी किनाऱ्याच्या वरच्या अंगाहून नवे गोटे वाहत यायचे आणि झीज भरून निघायची. तिकडे बंदराचा धक्का बांधला तेव्हापासून ते बंद झालं. आता या बांधाला मागे सरकण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

आणि असा बांध तीन वर्षं नऊ सेंटिमीटर सरकला होता. तिच्या वहीत.

"काका," ती म्हणाली, "फीत गुंडाळा. टाकीपर्यंत मोजू."

काका बांधावरून उतरत होते. गोट्यांत पाय रुतले होते. ते तिथंच थांबले.

"टाकीपर्यंत? आज?"

"आज."

"टाकीपर्यंत मोजून तीन वर्षं झाली, मॅडम."

"मला माहितीये किती झाली."

खुणेचा दगड हलला तर नाही ना, हे बघायला वर्षातून एकदा तो मागच्या टाकीच्या पायातल्या लोखंडी बोल्टशी ताडून बघायचा, असा नियम होता. नियमाच्या कागदावर एक चौकट होती: 'पडताळणी केली'. पहिल्या वर्षी बाबांना ताप होता. ती घाईत होती, तिने चौकटीत बरोबरची खूण केली आणि म्हणाली, पुढच्या आठवड्यात करू. दुसऱ्या वर्षी खूण केली, कारण आधीच्या वर्षीची तिथं होती. तिसऱ्या वर्षी का केली, हे तिने स्वतःला विचारलंच नव्हतं. फाटकापासून दगडापर्यंत पूर्वी नऊ पावलं असायची आणि आता सहाच होतात, हे तिच्या पायांना ठाऊक होतं. पण पाय काय, कुणाचेही बोलत नाहीत. दगड आणि बांध यांच्यामधलं अंतर डोळ्याला तेवढंच दिसायचं, आणि तिला तेवढंच बघायचं होतं.

बाबांचं घर आणि मावशींचं घर यांच्यामधल्या बोळातून त्यांनी फीत टाकली. दोन टप्प्यांत मोजावं लागतं. मधे खुंटी ठोकली. मावशींच्या नव्या खोलीतून शिवणयंत्राची घरघर ऐकू येत होती. काकांनी फितीचं दुसरं टोक बोल्टला लावलं आणि आकडा पुन्हा पुन्हा वाकून बघितला.

"काका?"

"त्र्याऐंशी एकाहत्तर."

कागदावर शहाऐंशी पस्तीस होतं.

"पुन्हा."

पुन्हा त्र्याऐंशी एकाहत्तर. तिसऱ्यांदा टोकं बदलून मोजलं, त्र्याऐंशी सत्तर. दगड टाकीच्या दिशेने दोन मीटर चौसष्ट सेंटिमीटर आला होता. म्हणजे बांधही. बारा एकतीसमधून दोन चौसष्ट गेले की उरतात नऊ सदुसष्ट. वजाबाकी तिच्या मनात आपोआप झाली.

काका टाकीच्या कठड्यावर बसून चपलेतला खडा काढत होते.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"मला काय माहीत असणार? मी काठी धरणारा माणूस. काठी सरळ धरली का, एवढंच मला विचारा."

"काका."

त्यांनी खडा बोळात भिरकावला. "गेल्या साली चुना ओला होता," ते म्हणाले. "बूट पांढरा झाला माझा. म्हटलं, म्हातारबाबांनी डागडुजी केली असेल. मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खाली बघतच नव्हता. म्हटलं, ज्यांना कळतं त्या गप्प आहेत, मग आपण कशाला मधे तोंड घाला?" मग म्हणाले, "पुढल्या साली मी निवृत्त होतोय, मॅडम. मला एवढंच हवं होतं, की हे त्याच्या पुढं जावं."

तिला त्यांचा राग आला नाही. राग यायला आपण निदान एक पायरी वर उभं असावं लागतं.

बाबा ओट्यावर बसून गोटे निवडत होते. अंगणाची बुटकी भिंत ते गेले काही महिने बांधत होते. चपटे गोटे एकीकडे, गोल दुसरीकडे. वय अठ्ठ्याहत्तर, पण थापी हातात आली की हात थरथरायचा थांबायचा.

"झालं का?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "किती?"

"बाबा, दगड कधी हलवला?"

"कुठला दगड?"

"कुठला ते तुम्हाला माहितीये."

बाबांनी हातातला गोटा उलटासुलटा करून बघितला आणि चपट्यांत ठेवला. "चहा घे आधी. केलेला आहे."

"चहा नको मला."

"मग बस तरी. उभ्यानं काय विचारतेस, पोलिसासारखी."

ती बसली. कधी नव्हे ते बाबांच्या खालच्या पायरीवर.

"मी हलवला नाही," ते म्हणाले. "पहिल्यांदा तरी नाही. त्या मोठ्या वादळात त्याची कड उघडी पडली होती. डगमगत होता. बसवायचा तर होताच. मग म्हटलं, बसवायचाच आहे तर जरा अलीकडे बसवू."

"जरा म्हणजे?"

"वीतभर."

"आणि मग?"

"मग दरवेळी. बांध सरकला की थोडा. तू यायच्या आधीच्या आठवड्यात." त्यांनी अंगठा पंचाला पुसला. "तुझं बारा मोडू दिलं नाही."

"माझं बारा?"

"मग कुणाचं? आकडा घेऊन घरात यायचीस तेव्हा तुझा चेहरा मीच बघायचो ना. बारा छत्तीस म्हटलं की दोन घास जास्त जेवायचीस. त्या वर्षी बारा चाळीसवरून बारा दहावर घसरलं होतं, आठवतं? वादळानंतर? तू वहीत लिहिलं नव्हतंस. म्हणालीस, भरती लवकर आली, मोजणी नीट झाली नाही, पुढल्या आठवड्यात परत करते. त्या पुढल्या आठवड्याआधी मी दगड बसवला."

तिला आठवलं. भरती लवकर आली नव्हती.

"बाबा, खोटं काम केलंत तुम्ही. तुम्ही! आयुष्यात कुणाचा ओळंबा बोटभर चुकू दिला नाहीत."

"फुली चुकली," बाबा म्हणाले. "शेवटच्या वेळी. संध्याकाळ होत आली होती, टाकी नीट दिसत नव्हती. म्हटलं, असू दे. कोण बघतंय." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "टाकीची मोजणी केली असतीस तर पहिल्याच साली कळलं असतं की तुला."

ती वहीची कड नखाने खरवडत राहिली.

"का नाही केलीस?"

पलीकडे बोळात काका फीत पुसून गुंडाळत होते. एवढ्या निगुतीनं त्यांनी ती कधी पुसली नव्हती.

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं," ती शेवटी म्हणाली.

"राहत नाही. पण झाकलं तू आणि मी मिळून," बाबा म्हणाले. "मी एकट्यानं नाही."

त्यांनी बांधाकडे हात केला. "आणि बघ ना. तसाच आहे. तू लहान होतीस तेव्हा जेवढा उंच होता तेवढाच. बोटभर कमी नाही, जास्त नाही. असा बांध जातो कुठं?"

"तोच तर घात आहे, बाबा. तो मोडला असता तर लोकांना दिसलं असतं. हा जसाच्या तसा चालत येतो. अजून एक मोठं वादळ, फार तर दोन. मग माथ्यावरून येणारे गोटे मोकळ्या जागेत नाही पडायचे. या ओट्यावर पडतील."

"माझ्या डोक्यावर पडू देत. मला कुठं जायचंय?"

"तुमच्या एकट्याच्या नाही. नऊ घरं आहेत."

हे मात्र बाबांना लागलं. ते गोटे निवडायचे थांबले.

गेल्या वर्षी खालच्या गल्लीला टेकडीवर जागा मिळाली होती. तिथला आकडा बाराच्या खाली गेला होता. तो दुसऱ्या एका मोजणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिला होता. त्या गल्लीचे लोक रडले, भांडले, कार्यालयाला शिव्या घालत सामान घेऊन वर गेले. आता त्यांच्या खिडक्यांतून त्यांना समुद्र लांबून दिसायचा. या गल्लीचा अर्जही तेव्हाच गेला होता. त्यावर साहेबांनी लिहिलं होतं: 'किनारा स्थिर. गरज नाही.' खाली तिचा तक्ता जोडलेला होता. टेकडीवरच्या जागा त्यानंतर संपल्या. यादी बंद झाली. आता वर चढायला रस्ता होता, राहायला जागा नव्हती.

आणि मावशींनी, किनारा स्थिर आहे म्हटल्यावर, समुद्राच्या बाजूला एक खोली वाढवली होती. मोठी खिडकी, भरपूर उजेड, दोन शिवणयंत्रं. खोली बांधण्याआधी त्यांनी तिला विचारलं होतं. "मोजणी, तुझ्या आकड्यावर बांधतेय गं. नाहीतर मागच्या अंगाला बांधते." ती म्हणाली होती, "बांधा मावशी. बारा चौतीस आहे." त्या खोलीच्या चौकटी बाबांनीच बसवून दिल्या होत्या.

"दगड परत नेऊन ठेवू," बाबा हळूच म्हणाले. "जुन्या जागी. मला जागा पाठ आहे. हळूहळू नेऊ. दर महिन्याला हातभर. मग आकडा आपोआप घसरल्यासारखा दिसेल. तुझ्यावर काही येणार नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पहार घेऊन, तिची नोकरी राखण्यासाठी दगड मागे मागे नेणार. क्षणभर तिला ते शक्य वाटलं. सहा-सात महिने लागतील, तिने हिशेब केला. वादळं चार महिन्यांनी सुरू होतात.

हिशेब केला याचीच तिला लाज वाटली.

"नाही," ती म्हणाली. "आपल्या हातचा दगड आपल्याच हातावर पडलाय, बाबा. आता तो हळूहळू निघत नाही."

तिने मांडीवर वही उघडली. आजची तारीख लिहिली. दगड ते माथा: बारा एकतीस. पडताळणी: त्र्याऐंशी एकाहत्तर. दुरुस्त अंतर: नऊ सदुसष्ट. हे सगळं सुरेख, सरळ अक्षरांत. त्याखाली एक ओळ लिहायला तिला बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला: 'मागील तीन वर्षे पडताळणी केलेली नाही, केल्याची नोंद खोटी आहे.' आणि सही. दगड कुणी हलवला ते लिहिलं नाही. कुणीतरी विचारेलच. विचारतील तेव्हा सांगावं लागेल.

बाबांनी वाचलं नाही. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि चष्मा त्यांनी मागितला नाही.

"त्याने काय होईल?" त्यांनी विचारलं. "जागा मिळतील?"

"नाही."

"धक्का पाडतील बंदराचा? गोटे येतील परत?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. लोकांना कळेल."

"कळून?"

तिने पेनाला टोपण लावलं. बांधाच्या पलीकडे भरती लागली होती. प्रत्येक लाटेमागे गोट्यांचा खडखडाट वर चढायचा आणि अर्ध्यातच विरायचा. लहानपणापासून ती हा आवाज ऐकत होती. वर जाताना मोठा, खाली येताना बारीक.

बोळातलं शिवणयंत्र थांबलं. मावशी पायऱ्या उतरून आल्या. गळ्यात मोजपट्टी, तोंडात दोन टाचण्या, खांद्यावर कुणाचातरी अर्धा शिवलेला अंगरखा. दर महिन्याला मोजणी झाली की त्या यायच्याच.

"काय हो भाऊ, लेकीला उन्हात तापवून झालं का?" टाचण्या काढून कापडाला टोचत त्या म्हणाल्या. "आणि हे काय, आज टाकीपर्यंत फीत? मी खिडकीतून बघितलं. म्हटलं, आता काय टाकीला झबलं शिवायचंय काय!"

बाबांनी मान खाली घातली आणि एक गोल गोटा चपट्यांच्या ढिगावर ठेवला. तो गडगडत पायरीवरून खाली अंगणात गेला.

मावशींनी त्याच्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग तिच्याकडे.

"काय गं मोजणी," त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "किती?"

ती उठून उभी राहिली. वही बंद करून छातीशी धरली.

"मावशी, घरं रिकामी करायची. नऊही, वादळं सुरू व्हायच्या आत. आधी आमचं."